चाळीस किलो तूर आणि एक किलोचा डबा



काल तुरीची मळणी संपली. सोयाबीनमधली आंतरपीक तूर, वाण बीडीएन ७११, तीन एकर. दाणा पांढरा, टपोरा भरलाय. फुलोऱ्यात ढगाळ हवा होती म्हणून थोडी फुलगळ झाली, शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी दोन फवारण्या लागल्या. तरी अकरा क्विंटल उतरली. ही झाली शेताची नोंद.

आता घराची. त्या अकरा क्विंटलमधले तीन कट्टे, म्हणजे दीडशे किलो, मी टेम्पोत चढवलेच नाहीत. टेम्पोवाला म्हणाला, "अण्णा, हे राहिले की." म्हणलं, राहू दे, ते घरचे आहेत. शेजारचा हसला. "दीडशे किलो? लग्न काढलंय का घरी?"

लग्न नाही काढलं. गेल्या वर्षी एक चूक झाली होती, ती दुरुस्त करायला हे तीन कट्टे ठेवलेत. चूक घरातली आहे, सांगायला थोडं जड जातंय. पण या पानावर माझी बुडालेली पिकं लिहिली, फसलेल्या फवारण्या लिहिल्या, मग हे तरी का लपवू.

गेल्या वर्षी तूर झाली तशी सगळीच्या सगळी आडतीवर नेली. हमीभाव ७,५५० रुपये जाहीर होता, हातात पट्टी आली ती ७,२०० ची. वाटलं, घरात ठेवून काय करायचं, भुंगा लागतो. लागेल तशी डाळ किराणा दुकानातून आणू. आता बहुतेक घरांत असंच चाललंय. आमच्या लहानपणी तूर आली की माय तिला पाणी लावायची, उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची. डाळ माणसाला, चुणी जनावराला. जातं आता अंगणात पालथं पडलंय, त्यावर चपला वाळत घालतो.

पट्टीचे पैसे घेऊन घरी आलो त्याच आठवड्यात पोरगा म्हणाला, "अण्णा, डबा घ्यायचाय." पोरगा बावीस वर्षांचा आहे. पोलीस भरतीची तयारी करतो, तालुक्याच्या गावी एका अकॅडमीत जातो. सोळाशे मीटर पळणं, शंभर मीटर, गोळाफेक. तिथं त्याला सांगितलं की प्रोटीन पावडरशिवाय अंग भरत नाही. एक किलोचा डबा, २,९०० रुपये, महिनाभर पुरेना.

मी दिले. पोराचं भलं होत असेल तर बाप नाही म्हणत नाही. पण रात्री डायरीत खर्च लिहिताना हात थांबला. ७,२०० च्या भावानं २,९०० रुपये म्हणजे चाळीस किलो तूर. चाळीस किलो तूर देऊन मी एक किलो पावडर आणली होती. असे तीन डबे आले. एकशे वीस किलो तूर.

तेव्हा मी रागानं पोराला बोललो. तोही गप्प बसला नाही. म्हणाला, "अण्णा, तुम्ही मिरचीवर टॉनिकच्या बाटल्या मारता तेव्हा? दुकानदार म्हणतो मारा, तुम्ही मारता. त्यात काय असतं ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"

खरं सांगतो, उत्तर नव्हतं. चौदाशे रुपये लिटरची बाटली मी त्याच महिन्यात आणली होती.

विषय तिथंच थांबला. मग फाल्गुनात माय पडली.

माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची. न्हाणीघरातून येताना उंबऱ्याशी पाय घसरला. फार जोरात पडली नव्हती, पण खुब्याचं हाड मोडलं. लातूरला दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर राऊंडला आले. मायचा दंड दोन बोटांत धरून बघितला आणि विचारलं, "आजी जेवतात काय?"

मी म्हणलं, "जेवतात की. भाकरी, वरण."

"किती?"

मला सांगता येईना. पोराला येईना. शेवटी बायको हळूच म्हणाली, "अर्धी भाकर सकाळी, अर्धी रात्री. कुस्करून. दात नाहीत ना. वरचं पातळ वरण घेतात. बाकी चहा."

मंडळी, मला झोपेतून उठवून विचारा की म्हशीला पेंड किती. मी सांगेन, लिटरमागं अर्धा किलो खुराक, वर अंगाला लागतो तो वेगळा, गाभण असली तर शेवटचे दोन महिने आणखी वाढवायचा. सरकी पेंड किती, चुणी किती, मिनरल मिक्श्चर किती. सगळं तोंडपाठ. आणि माझी माय दिवसाला काय खाते ते मला माहीत नव्हतं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की हाड मोडायला बरीच कारणं असतात. वय आहे, हाडं ठिसूळ झालेली आहेत. पण मांडीतलं, पायातलं मांस झिजलं की तोल जातो आणि माणूस सावरू शकत नाही. म्हातारपणी मांस लवकर झिजतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाला प्रथिनं उलट जास्त लागतात, किलोमागं दिवसाला एक ग्रॅम तरी. आपण उलटं धरतो. म्हातारं माणूस आहे, काम नाही, अर्धी भाकर बास झाली.

पोरगा दुसऱ्या दिवशी त्याचा डबा घेऊन दवाखान्यात आला. आजीला द्यायला. मला भरून आलं. पण डॉक्टर म्हणाले, "हा नको. यात आत काय आहे ते मला माहीत नाही." आधी मायच्या मूत्रपिंडाची रक्ततपासणी बघितली, मग दुसरी पावडर लिहून दिली. रोज दोन वेळा दुधातून, तीन आठवडे. भूक लागत नाही, चावता येत नाही, जखम भरायची आहे, अशा वेळी पावडर कामाची, असं ते म्हणाले. जेवण सुरू झालं की बंद.

हे ऐकलं आणि पोरानं मिरचीवरून मारलेला टोमणा मला नीट कळला. आपण १९:१९:१९ ची फवारणी कधी करतो? मुळं चालत नाहीत तेव्हा. पाण्याचा ताण बसलाय, किंवा वाफसा नाही, मुळी अन्न उचलत नाही, तर पानातून देतो. ती तात्पुरती सोय. जमिनीत शेणखत नाही, बेसल डोस नाही आणि नुसत्या फवारणीवर पीक काढीन म्हणणारा माणूस आपण शहाणा म्हणत नाही. मायची मुळं तेव्हा चालत नव्हती. तिला पावडर बरोबर होती. पोराची मुळं तर दणदणीत चालत होती.

माय घरी आल्यावर मी ठरवलं, एकदा मोजायचंच. माती परीक्षण करतो तसं घराचं परीक्षण. माझी पुतणी परभणीला कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शिकते. तिनं मला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे पाठवले. शंभर ग्रॅमला तूरडाळ २२ ग्रॅम प्रथिनं, हरभरा १९, मूगडाळ २४, शेंगदाणे २४, ज्वारी १०, तांदूळ ८. एका अंड्यात सहा. म्हशीच्या दुधात शंभर मिलीला साडेतीनच्या जरा वर. सोयाबीन ३६ च्या पुढं. आणि मोठ्या माणसाची गरज दिवसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त, सव्वा ते दीड ग्रॅम धरा म्हणाली.

किराणा दुकानातून एक लहान काटा मागून आणला. सात दिवस घरातल्या चौघांच्या ताटात काय पडतं ते लिहिलं. बायको वैतागली. "आता भाकरी पण मोजून देऊ का?" म्हणाली. पण करू दिलं.

सात दिवसांची सरासरी अशी आली:

पोरगा, वजन ६२ किलो. पाच भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, अर्धा लिटर दूध, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे. ८९ ग्रॅम प्रथिनं. हे डबा सोडून. वर दोन चमचे पावडरीचे ४८.

मी, वजन ६४. चार भाकरी, वरण, चटणी, चहा. ५२ ग्रॅम. गरज ५३. म्हणजे काठावर पास, दहावीसारखंच.

बायको, वजन ४६. ३० ग्रॅम.

माय, वजन ४०. पडायच्या आधी जेवत होती तेवढंच धरलं तर १७ ग्रॅम.

डायरी मिटली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

आता हा हिशोब नीट बघा. पोराला व्यायामासकट ७७ लागतात, त्याला डब्याशिवायच ८९ मिळत होते. डबा त्याच्या अंगात जात नव्हता असं नाही. पण शरीर प्रथिनाचा साठा करून ठेवत नाही. गरजेपेक्षा जास्त झालेलं जाळून टाकतं, त्यातलं नत्र लघवीवाटे निघून जातं. आपण गरजेपेक्षा जास्त युरिया टाकला की तो वाहून जातो, तसंच. चाळीस किलो तूर मोरीतून वाहत होती.

आणि चौघांची गरज एकत्र केली तर २०८ ग्रॅम. डबा सोडून घरात येत होते १८८. कमी पडत होते फक्त वीस. वीस ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम हरभरा. आजच्या भावानं सहा रुपयांचा.

म्हणजे घरात प्रथिनांचा दुष्काळ नव्हता. दुष्काळ वाटणीत होता. कॅनॉलवर शेती असणाऱ्यांना सांगायला नको. तोंडावरचा दाबून भिजवतो आणि टेलचं रान कोरडं राहतं. पाटबंधारेवाले म्हणतात पाणी सोडलंय. सोडलेलं असतंच की. आमच्या घरात टेलला दोन बाया होत्या. एक दात नसलेली आणि एक शेवटच्या पंगतीची.

बायकोचं सांगतो. चाळीस क्विंटल सोयाबीन काढायला जितकी मी खपतो तितकीच ती खपते, वर घर. सगळ्यांचं झालं की ती बसते. तेव्हा पातेल्यात वरण असतं ते तळाचं, त्यात पाणी घालून वाढवलेलं. आठवड्याला दोन उपवास. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतंच, शेंगदाण्याचा कूट असतो तेवढंच. पुतणी म्हणाली, "काका, काकूंचं वजनच मुळात कमी आहे. ४६ किलोला ३८ ग्रॅम असा हिशोब धरून त्यांना कमीच ठेवू नका. ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम लागतात, तिकडं न्या." कमरेत कळ येते, जिना चढला की दम लागतो, केस गळतात, असं बायको दोन वर्षं म्हणत होती. मी म्हणायचो, वयामानानं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं हे काय वय झालं? तेव्हा तिचं रक्तही तपासलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या वेगळ्या सुरू केल्या. ते लोहाचं काम, डाळीनं सगळं भरून निघत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता थोडं शेतीशाळेतलं, कारण या पानावर कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळीही वाचतात.

प्रथिन म्हणजे शेवटी नत्र. वजनाच्या साधारण १६ टक्के. म्हणून प्रयोगशाळेत नत्र मोजतात आणि ६.२५ नं गुणतात, की झालं प्रथिन. तुरीच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, तो दाण्यात जातो, दाण्यातून आपल्या दंडात येतो. बियाण्याला रायझोबियम चोळतो तेव्हा आपण घरच्या वरणाचीच तयारी करत असतो.

पण याच मोजणीत एक फट आहे. नत्र कुठूनही आला तरी मोजणीत प्रथिन दिसतं. पेंडीत युरिया मिसळून प्रोटीन जास्त दाखवायचा धंदा पशुपालकांना ठाऊक आहे. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन घालून हेच केलं, जवळजवळ तीन लाख बाळं आजारी पडली. आपल्याकडं २०२४ साली बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं आणि आत सापडलेलं प्रथिन जुळलं नाही, काहींत तर लिहिलेल्याच्या निम्मंच होतं. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेनं लोकांसाठी आहाराचं मार्गदर्शन काढलं, त्यात अंग कमवायला प्रोटीन पावडर टाळा असं स्पष्ट सांगितलं.

सगळ्याच पावडरी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. चांगली पावडर दुधाच्या निवळीपासून करतात. चीज-पनीर करताना जे पाणी खाली राहतं त्यातलं प्रथिन वाळवून घेतात. ते पचायला सोपं असतं, आणि अंगाला लागणारे सगळे घटक त्यात असतात. याबाबतीत एकटी डाळ त्याच्या खाली आहे, हे कबूल करायला हवं. डाळीच्या प्रथिनात मेथिओनिन कमी असतं. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्यात लायसिन कमी असतं. पण दोन्ही एकत्र खाल्लं की एकीचं उणं दुसरी भरून काढते. जमिनीत जस्त कमी असलं तर कितीही युरिया टाका, पीक जस्ताच्या मापानंच वाढतं, हा नियम आपल्याला माहीत आहे. अंगातही तोच चालतो. म्हणून नुसत्या भाकरीवर पोट भरतं, अंग भरत नाही. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हे प्रमाण पुतणीनं सांगितलं. आपली येळवसची भज्जी आठवा. तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, वर बेसन, सोबत बाजरीचे उंडे आणि ताकातली अंबिल. जुन्या बायांना लायसिन माहीत नव्हतं, पण ताट बरोबर होतं. फक्त ते वर्षातून एकदा व्हायला लागलं.

चाळीस किलो तुरीचा हिशोबही पुरा करतो. चाळीस किलोची डाळ अठ्ठावीस किलो पडते. त्यात प्रथिन सहा किलो. एक किलोच्या डब्यात, लेबल खरं मानलं तरी, सातशे ग्रॅमच्या आसपास. डाळ पचायला थोडी कमी आणि घटकांत उणी म्हणून तिची किंमत निम्मी धरा. तरी तीन किलो विरुद्ध सातशे ग्रॅम.

आता घरात काय बदललं ते सांगतो. कुणाला उपयोग झाला तर झाला.

पहिलं, वरणाचं माप. माणशी रोज सत्तर ग्रॅम डाळ, सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून. चौघांची वर्षाची होते शंभर किलोच्या वर. दीडशे किलो तुरीची डाळ साधारण तेवढीच पडते. तीन कट्टे ठेवले ते यासाठी. शिवाय अर्धा क्विंटल हरभरा आणि थोडे मूग, हुलगे. तूर कडक वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलीय. आणि एक सांगतो, पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं धुऊन घरात वापरायचं नाही. कोंबडीलासुद्धा घालायचं नाही.

दुसरं, सकाळी मोड आलेल्या हरभऱ्याच्या किंवा मटकीच्या घुगऱ्या. पोरगा पळून आला की आधी वाटीभर तेच खातो. जुन्या तालमीतही भिजवलेले हरभरे आणि दूध हाच खुराक होता.

तिसरं, मायचं. ती माळकरी, अंडं चालत नाही. तिला हुलग्याचं माडगं, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वाटीभर दही, शेंगदाण्याचा बारीक कूट ताकात कालवून. भाकरी दुधात कुस्करायची, वरणाच्या पाण्यात नाही. थोडं थोडं चार वेळा. म्हशीचं दूध डेअरीला घालायचं ते एक लिटरनं कमी केलं. डेअरीवाला म्हणाला, म्हैस आटली का. म्हणलं, नाही, घरचे वाढले.

चौथं, सोयाबीन. आमच्याकडं घरात पोती असतात आणि कुणी खात नाही. कच्चं खाऊ नका, त्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो. तो उष्णतेनं मोडतो. आम्ही वीस मिनिटं उकळून, वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो घालून दळून आणतो. चव बदलत नाही.

पाचवं सगळ्यात अवघड गेलं. बायकोला आमच्यासोबत जेवायला बसवणं.

ती म्हणायची, "तुम्ही बसा, मला गरम भाकरी टाकायच्या आहेत." पंधरा दिवस हेच. मग पोरानंच तोडगा काढला. तो म्हणाला, "आई, भाकरी आधी सगळ्या टाक. गार खाऊ." आणि तिचं ताट त्यानं पहिलं वाढलं. वरण वरचं नाही, ढवळून. ती संकोचून बसली. माय म्हणाली, "बस गं. मी पण आयुष्यभर मागनंच जेवले. बघ काय झालं."

त्यावर कुणी काही बोललं नाही. सगळे गुमान जेवलो.

पोरानं चौथा डबा मागितला नाही. मी बंद कर म्हणलो नव्हतो, त्यानं डायरीतलं आजीचं १७ आणि स्वतःचं १३७ बघितलं होतं. माझ्याही मिरचीच्या टॉनिकची बाटली तेव्हापासून आली नाही. शब्दाला शब्द. मागच्या भरतीत तो थोडक्यात राहिला. यंदा पुन्हा उतरतोय. निवड होईल की नाही ते मी सांगू शकत नाही, आणि झाली तर हरभऱ्यामुळं झाली असंही म्हणणार नाही. सोळाशे मीटरची वेळ त्याची कमी झालीय, एवढंच डायरीत आहे. ते सरावानं झालं, असं तोच म्हणतो.

मायचं वजन ४३ झालंय, बायकोचं ४९. दम लागायचा थांबला, काही गोळ्यांनी, काही ताटानं.

यंदाच्या येळवसला माय शेतात आली. गेल्या दोन वर्षांत आली नव्हती. टेम्पोनं बांधापर्यंत आणलं, पुढं काठी टेकत कोपीपर्यंत चालत गेली. पांडवांची पूजा झाली, कालवलेली भज्जी सगळ्यात आधी तिला वाढली. वाटीभर खाल्ली आणि अजून थोडी मागितली. मग तुरीच्या ओळीकडं बघून म्हणाली, "यंदा सगळी विकू नको."

म्हणलं, नाही विकत.

मंडळी, तुम्ही खताचा हिशोब ठेवता, पेंडीचा ठेवता, डिझेलचा ठेवता. एक आठवडा घरातल्या ताटांचा ठेवून बघा. सगळ्यांचा. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरला विचारा. आणि मोजताना आधी शेवटी जेवणाऱ्या माणसाचं ताट मोजा. आकडा काय येतो ते खाली लिहा. लिहायला लाज वाटली तर नका लिहू, पण मोजा.

जातं सरळ करून धुऊन ठेवलंय. पाथरवट आला की टाकी लावून घेणार. माय म्हणते, भरडायला बसणार मी. बघू.

उद्या हरभऱ्यात घाटेअळीची पाहणी करणार आहे. त्याची नोंद संध्याकाळी टाकतो.

राम राम.